हिरवे खोपे

गेल्या गणपतीत सजावटीचं सामान पुरवणाऱ्या एका माणसाने मला फसवलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही; वाचेल तेव्हा त्याला कळेल. रिकामे आहेत असं सांगून त्याने सुगरण पक्ष्यांचे हिरवेगार खोपे माझ्या गळ्यात मारले. मी विचारलं होतं, "रिकामे, वाळलेले, मग हिरवे कसे?" तो म्हणाला, "शेठ, खास रंगवून घेतलेत." मी मखरं-मांडव सजवून देतो; एका सोसायटीच्या मखरावर ते टांगले. पहिल्याच संध्याकाळी आरती संपून टाळ्या थांबल्या आणि मखरातून चिवचिव ऐकू आली. खोपा उतरवला. आत दोन पिल्लं होती. एक गेलेलं, दुसरं सकाळपर्यंत गेलं. सोसायटीतल्यांनी ती माझ्यादेखत बागेत पुरली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

यंदा श्रावणात त्याचाच फोन. "शेठ, खोपे लावायचे ना?" मी "बघू" म्हटलं आणि माल येतो कुठून ते बघायला ठाण्याहून पोलादपूरची एसटी पकडली. गेल्या वर्षीचा माल ज्या पोत्यांतून आला होता, त्यांच्यावर पोलादपूरजवळच्या एका भातगिरणीचा शिक्का होता. एवढा धागा मला पुरे.

महाडला गाडी थांबली तेव्हा औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली होती. रेनकोट घातलेली माणसं मोटरसायकलींवरून घराकडे निघाली होती. मी उभ्या उभ्या वडापाव खाल्ला, तो गार होता, आणि वडापाववाल्याशी भांडून दुसरा गरम घेतला. पुढे पोलादपूरपर्यंत खिडकीतून डोंगर दिसत होते, पण माझं लक्ष नव्हतं. मी मनात त्या माणसाला काय काय सुनवायचं ते घोळवत होतो.

गिरणीवाल्याने विचारताच सांगितलं, "खोपे ना? वरच्या वाडीला इंदूकाकीच्या विहिरीवर हायत. पण जपून जा हां. गेल्या सालापास्नं ती झाडाखाली कुणाला उभं करत नाय."

भाताच्या बांधावरून जाताना पाय घसरला आणि एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. बूट काढायला वाकलो आणि तो गलका कानावर आला. भरल्या बाजारात सगळे दुकानदार एकदम ओरडावेत तसा. मान वर केली. विहिरीवर झुकलेलं शिंदीचं झाड, आणि त्याच्या झावळ्यांना लोंबणारे खोपेच खोपे! काही लांब नळीचे, काही नुसत्या टोपीसारखे अर्धे. त्यांच्यावर पिवळ्या डोक्याचे नर पंख फडफडवत होते. मी बूट हातात घेऊन तसाच पळत सुटलो.

"परत आलास होय रे? थांब तिथंच!"

विहिरीच्या कठड्याआडून एक म्हातारी उठली. हातात कोयता. हीच इंदूकाकी.

"काकी, मी तो नव्हे! त्याने मलाही फसवलंय."

"सगळे तसंच म्हनतात. बूट हातात घेऊन कोन येतो चोरावानी?"

मी तिथेच चिखलात उभा राहून सगळं सांगितलं. आरती, पिल्लं, रंग. रंगाचं ऐकल्यावर तिने कोयता खाली केला.

"रंग? अरे, हिरवा खोपा म्हंजे ताजं गवत. घर चालू हाय. जुना झाला की तांबडा पडतो. मी सोता त्याला सांगितलं व्हतं. तो म्हनला, शाळेच्या प्रदर्शनाला रिकामे खोपे पायजेत. मी म्हटलं, ते गेल्या सालचे तांबडे ने. मी गेले वरच्या शेतात बेणायला (भातातलं तण काढायला). येऊन बघते तर हिरवे सगळे कापलेले. तांबडे तसेच लोंबतायत. पाखरं दोन दिस झाडाभोवती ओरडत व्हती, मला जेवन गेलं नाय."

म्हणजे त्याला माहीत होतं. मला सांगताना पक्कं माहीत होतं.

रागाने कानशिलं तापली होती. पण त्या झाडासमोर राग टिकेना. माझ्या धंद्याची सुरुवात मांडवासाठी झावळ्या चिरण्यापासून झाली. पट्टी एकसारखी निघावी म्हणून माझी बोटं कितीदा कापली! इथे एक नर भाताच्या पात्यावर बसला, कडेला चोचीने एक खाच पाडली, धागा चोचीत धरला आणि सरळ उडाला. उडता उडता लांबलचक पट्टी आपोआप फाटून आली. मी मोठ्याने "वा!" म्हणालो. काकी हसली.

नाव सुगरण, पण विणणारा नर. खोपा टोपीएवढा झाला की तो थांबतो, आणि मादी माल बघायला येते. अहो, काय ती गिऱ्हाईक! एक मादी अर्ध्या खोप्याच्या तोंडाशी विणलेल्या आडव्या दांडीवर बसली, गवत ओढून बघितलं, मान आत घातली, बाहेर काढली. नर शेजारी पंख फडफडवून बोलतोच आहे. ती गेली शेजारच्याकडे.

"मोडला सौदा!" मी ओरडलो.

"हळू रे. तुज्यापायी मोडला आसंल."

पसंत पडलं की नर खाली नळी जोडतो. तोंड खालून, खाली विहिरीचं पाणी, सापाला सहज जमत नाही. सगळे खोपे झाडाच्या एकाच अंगाला, पावसाळी वारा ज्या बाजूने येतो त्याच्या आडोशाला.

"आन नळी झाली की हा निघाला दुसरा खोपा बांधायला, दुसरीसाठी," काकी म्हणाली. "आमच्या वाडीतल्या काही बाप्यांसारखा. एक घर हितं, एक नालासोपाऱ्याला."

मग सगळ्यात भारी गोष्ट दिसली. एका अर्ध्या खोप्यात नराने ओल्या मातीचे गोळे थापले होते. तो बांधावरच्या टणटणीच्या (घाणेरीच्या) झुडपाकडे गेला, नारिंगी फूल तोडून आणलं आणि मातीत दाबलं. मग आणखी एक. मी स्वतः गिऱ्हाईक यायच्या आधी दारात फुलं लावतो!

"काकी, सजावट! मादीला दाखवायला!"

"आमाला लहानपनी सांगायचे, काजवे चिकटवतो दिव्यासाठी. मी तर कंदी बघितला नाय. माती वजनाला आसंल. वारा सुटला की हलका खोपा उडतो."

"मग फूल कशाला? फुलाला कुठलं वजन?"

"तू इचार त्याला," ती म्हणाली. आम्ही बराच वेळ वाद घातला. दोघांनीही हार मानली नाही.

तिने तांदळाची भाकरी आणि भारंगीची (कडसर रानभाजीची) भाजी वाढली. पहिला घास तोंडात घातला आणि फोन वाजला. तोच.

"शेठ, ठरवलंत का? या आठवड्यात माल काढतोय. आवाज कसला येतोय? कुठे आहात?"

"तुझ्या गोदामात," मी म्हणालो आणि फोन झाडाकडे धरला.

त्याने फोन कट केला. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. उचलला नाही.

"काय म्हनला?"

"काही नाही."

"मग येऊ दे आकडी (टोकाला विळा बांधलेला बांबू) घेऊन. औंदा मी बेणायला जात नाय."

निघताना तिने खाली पडलेला एक तांबडा, अर्धा खोपा माझ्या हातात ठेवला. कुठल्याशा मादीने नापसंत केलेला. परतीच्या गाडीत तो मांडीवर घेऊन बसलो होतो. आतल्या सुकलेल्या मातीत एक वाळकी पाकळी अजून चिकटून होती. यंदा मखर बांबूच्या बेळांचं (चिरलेल्या पातळ पट्ट्यांचं) करणार आहे. आडोसा, वजन, फूल, सगळं त्या नराकडून शिकलेलं. त्या झाडावरचा सौदा मला फार आवडला. माल उघडा टांगलेला असतो, आणि गिऱ्हाईक तो ओढून, आत मान घालून बघतं. मी आत बघितलं नाही, कारण विकणारा माणूस होता आणि त्याने जबान दिली होती.

तर ऐक. मला पैसे परत नकोत. तू त्या विहिरीवर ये. काकी तिथे आहे, तू सांगशील त्या दिवशी मीही येतो. डोक्यावर ते खोपे असतील. तिथे उभा राहून आम्हा दोघांना एवढंच सांग: तो हिरवा रंग कुठल्या दुकानातून आणला होतास?