म्हस्कूमामांचा जबाब

म्हस्कूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचाच जबाब मागे घेण्याचा अर्ज लिहीत बसले होते. खुटबावच्या आमच्या घरी, सकाळच्या वेळी, चहा गॅसवर ठेवलेला. मामेभाऊ एवढंच म्हणाला, "शालनताई, आमचं आबा गेलं. झोपेतच." मी फोन ठेवला. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता या अर्जावर सही कोण करणार? चहा उतू जाऊन गॅस विझला तरी मी तशीच बसून होते. या गोष्टीला आता महिना उलटून गेलाय, पण त्या विचाराची लाज काही उतरत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, शिरूर तालुक्यातल्या निमोण्याचे. त्यांच्या वडिलांपर्यंत घरातली माणसं वर्षातले आठ महिने मेंढरांमागे फिरायची. मग विहीर झाली, कांदा आला, घर एका जागी बसलं. मामांनी मात्र हट्टाने तीस-चाळीस मेंढरं ठेवली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी निमोण्याला असायचे, आणि मला बरोबर घेऊन ते माळावर जायचे. सातबाऱ्यावर त्या माळाला पडीक म्हणतात. मामा त्यावर चालताना पाय कुठे टाकायचा तेसुद्धा शिकवायचे, कारण चंडोल आणि टिटव्या तिथे उघड्यावरच अंडी घालतात. खोकडाचं बीळ, काळविटांची बसायची जागा, कुठलं गवत कधी तुरा धरतं... सगळं त्यांना पाठ. लांडग्याला ते कधी लांडगा म्हणत नसत. 'पाव्हणा' म्हणायचे. वर्षाकाठी एखादं कोकरू पाव्हण्याने नेलं तर दोन दिवस शिव्या घालायचे, आणि तिसऱ्या दिवशी, "त्याला बी पिल्लं हायत की," म्हणून गप्प व्हायचे. मी पुढे प्राणिशास्त्र घेऊन शिकले, शिरूरच्या कॉलेजात काही वर्षं शिकवलंही. पण त्यात माझं स्वतःचं म्हणावं असं जे काही होतं, ते त्या माळावरचंच होतं.

मामांच्या घरचा एक नियम होता. हातात कागद घेऊन आलेल्या माणसाला रानातलं काहीही सांगायचं नाही. हा नियम आला होता अनुभवातून. मामांच्या तरुणपणी वनखात्याचे एक साहेब आले, काळविटांची चौकशी केली, आणि मामांच्या वडिलांनी मोठ्या कौतुकाने त्यांना सगळा माळ फिरवून दाखवला. पुढच्याच वर्षी अर्ध्या माळाला चर खणला गेला, तार आली, झाडं लावली गेली, आणि मेंढरांना मज्जाव झाला. लावलेली झाडं वाळून गेली. तार राहिली. तेव्हापासून कोणीही काहीही विचारलं तरी त्या घरातून उत्तर एकच, "काय न्हाई साहेब, मोकळं रान हाय." हे मलाही पाठ होतं. लहानपणी मी असं उत्तर दिल्यावर मामा माझ्याकडे बघून मिशीत हसायचे, आणि आपण फार हुशार आहोत असं मला वाटायचं.

विमानतळाची बोलणी आमच्याकडे कितीतरी वर्षं चालली आहेत. कधी म्हणायचे या तालुक्यात होणार, कधी त्या. जागा बदलायची, नकाशे बदलायचे, आणि चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या विमानाने दिल्लीला जाणारे तेच राहायचे. मग एके वर्षी ती जागा निमोण्याच्या माळावर येऊन टेकली. पर्यावरणाच्या अहवालासाठी एका सल्लागार कंपनीला स्थानिक माणूस हवा होता. माझी कॉलेजातली तासिकांची नोकरी तेव्हा सुटलेली. मी गेले. पाहणी ठेवली वैशाखात, मोजून चार दिवस. गवत वाळून गेलेलं, जमीन तापलेली, दुपारच्या बाराला आम्ही टोप्या घालून पक्षी शोधतोय. मी एकदा म्हणाले, की पावसाळ्यात आणि थंडीत परत यायला हवं. आमचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, प्रोजेक्टला सीझन नसतो." त्यावर मी गप्प बसले. मला गप्प बसण्याची चांगली सवय होती.

तिसऱ्या दिवशी स्थानिक मेंढपाळांची माहिती घ्यायची होती. मामा बाभळीखाली बसलेले. इंजिनिअर शेजारी मोबाईल धरून उभा, फॉर्म माझ्या हातात. मी विचारलं, "या परिसरात वन्यप्राणी दिसतात का?" मामांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाले, "काय न्हाई. मोकळं रान हाय." पक्ष्यांची घरटी? "न्हाई बा." लांडगे, कोल्हे? "पयलं व्हते म्हनं. आता कुठं?" आणि मिशीत हसले. मी सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि मीही हसले. विमानतळाची बोलणी आजवर आली आणि गेली, ही पण जातील. पण लांडगा आहे म्हटलं तर उरलेल्या माळालाही तार पडेल, हा त्यांचा हिशेब होता. आणि मला वाटलं, मी मामांच्या बाजूने उभी आहे. त्यांनी खाली वाकड्या अक्षरात सही केली. त्याखाली माझी सही, माहिती घेणार म्हणून. खोटं आहे हे त्या बाभळीखाली आम्हा दोघांनाच माहीत होतं.

अहवाल आला तो इंग्रजीत, जाडजूड. प्राण्यांच्या प्रकरणात लिहिलं होतं, की स्थानिक मेंढपाळांच्या म्हणण्यानुसार येथे महत्त्वाचे वन्यजीव आढळत नाहीत. जागा ओसाड व नापीक. मी पुढची पानं चाळली. शेवटाकडे विमानांच्या सुरक्षेचं प्रकरण होतं, आणि तिथे मात्र पाखरंच पाखरं. टिटव्या, घारी, चंडोल, थंडीत येणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी... विमानाला धडकू नयेत म्हणून त्यांना कसं हुसकावायचं त्याची सविस्तर योजना. आवाजाच्या बंदुका लावा, गवत कापा, पाणवठे झाका. मी निमोण्याला जाऊन मामांना ते मराठीत वाचून दाखवलं. ते बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी वाचवायची आसतील तर पाखरं न्हाईत, आन् हाकलायची आसतील तर हायत." नंतर त्यांनी विचारलं, की विमानाच्या धुराचं काय लिहिलंय? मी सांगितलं, कुंपणाच्या आतल्या धुराचं लिहिलंय. "आन् वर गेल्यावर त्यो धूर कुनाचा?" त्याचं उत्तर अहवालात नव्हतं. प्राण्यांच्या प्रकरणातलं ते 'मेंढपाळांच्या म्हणण्यानुसार' मी त्यांना परत एकदा वाचून दाखवलं, तेव्हा त्यांचं हसू थांबलं. "ह्ये म्या म्हनलेलं हाय व्हय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

जनसुनावणी एका मंगल कार्यालयात झाली. लग्नाच्याच खुर्च्या, स्टेजवर साहेब लोक, मागे झालर तशीच. सोसायटीचे एक पुढारी बोलले, की गावाचं नशीब उघडतंय, पोरं विमानाने जातील. कारेगावच्या कंपन्यांत कामाला असलेली दोन-तीन पोरं, "तिकीट कोन काढनार, नाना?" म्हणून हसली. मग मामा उठले. माईक कसा धरायचा ते त्यांना कळेना. म्हणाले, "साहेब, म्या खोटं सांगितलं व्हतं. माळावर लांडगा हाय. हरनं हायत. सम्दं हाय. चला, म्या दावतो." मंडपात हशा पिकला. साहेबांनी शांतपणे पान उलटलं, सहीचा कागद वर धरला आणि विचारलं, "ही सही तुमचीच ना?" मामा म्हणाले, "व्हय." साहेब म्हणाले, "मग आजोबा, खरं कधी बोललात? तेव्हा की आता?"

मी पहिल्या रांगेत होते. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. मामांनी माझ्याकडे बघितलं... एकदाच. 'ही माझी भाची, हिला ठाऊक होतं, हिला विचारा,' एवढं ते म्हणाले असते तर मला उठावंच लागलं असतं. ते म्हणाले नाहीत. माझी नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी भरल्या मंडपात स्वतःला खोटारडं ठरवून घेतलं, माईक ठेवला आणि खाली बसले. आणि मी उठले नाही. हे मला कुठल्याही गोड शब्दांत लिहिता येत नाही, म्हणून असंच लिहिते. मी उठले नाही.

आठवड्याने ते एसटीने खुटबावला आले. सुनावणीचा विषय काढला नाही, रागावले नाहीत. जेवण झाल्यावर म्हणाले, "शालन, येवढा माझा जबाब फिरव. खोट्याच्या खाली माझं नाव नको." मी कंपनीत विचारलं, त्यांनी सुनावणी घेणाऱ्या सरकारी कचेरीकडे बोट दाखवलं. कचेरीने सांगितलं, जबाब देणाऱ्याने स्वतः हजर राहावं. मामा हजर राहिले, तर साहेब मीटिंगला. पुन्हा गेले, तर अर्जाचा नमुना चुकीचा. तिसऱ्या खेपेचा अर्ज मी लिहीत होते, आणि फोन आला. नंतर तिथल्या क्लार्कने मला फार सहानुभूतीने सांगितलं, "मॅडम, आता तर तो जबाब फिरवताच येत नाही. देणाराच नाही ना." माणूस गेला, आणि त्याचं खोटं मात्र सरकारदरबारी कायमचं खरं झालं.

तेरावा झाल्यावर मामी मला म्हणाल्या, "मला कुनी इचारलंच न्हाई." आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. फॉर्मवर घरातल्या कर्त्याचा रकाना होता, आणि तो भरला की पुढच्या घरी जायचं होतं. मामी सांगत गेल्या, मी लिहीत गेले. लांडगीण कोणत्या महिन्यात विते, काळविटं पाण्याला कुठे येतात, कोणत्या ओढ्याचं पाणी कुणाच्या विहिरीला लागतं. मामांना जे ठाऊक होतं ते सगळं, आणि त्याहून जास्त. खाली त्यांनी अंगठा दिला. त्याखाली मी लिहिलं, की पहिला फॉर्म खोटा आहे हे मला भरतानाच माहीत होतं, आणि सही केली. माझं कंपनीतलं काम त्या दिवशी संपलं. कचेरीत त्या कागदावर 'मुदतीनंतर प्राप्त' असा शिक्का बसला आणि तो एका गठ्ठ्यात गेला.

मी निमोण्याला परत गेले. मामींनी विचारलं, "वाचलं का त्यांनी?" हो म्हणणं सोपं होतं. मी म्हणाले, "न्हाई मामी. कुनी वाचलं न्हाई."

पडवीत मामांची घोंगडी अजून तशीच अंथरलेली असते, माळाकडे तोंड करून, आणि तिच्यावर कुणी बसत नाही. मामींनी हाताने तिच्यावरचा कचरा झटकला आणि मला म्हणाल्या, "बस हितं. आता काय दिसतंय त्ये बघ, आन् लिव्ह." मी बसले. माळावर मोजणीचे दगड रोवलेत, चुना फासलेले. दोन दगडांच्या मध्ये टिटवी ओरडत फिरत होती, म्हणजे जवळपास अंडी असणार. पलीकडच्या उतारावरून एक लांडगा खाली मान घालून चालत गेला, घाई न करता. मी वेळ लिहिली, दिशा लिहिली, सगळं खरं लिहिलं. ते मागायला आता कागद घेऊन कोणी येणार नाही.