एका ट्रॅकवर किती माणसं?

स्टुडिओ काढला तेव्हा वाटलं होतं, गाणी साठतील. साठले ते किस्से! गाणी लोक पेनड्राइव्हवर घालून घेऊन जातात, किस्से मात्र आमच्याकडेच राहतात. आणि सांगायला जावं तर समोरचा विचारतो, "फेणी कोणाकडची?"

गोव्यात डिचोलीच्या बाजारापासून जरा आत आमची एक खोली आहे. मी रेकॉर्डिंग बघतो आणि कारापूरचा सुहास कीबोर्ड वाजवतो. सुहास भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. म्हणजे, ठेवत नव्हता.

आधी एक गोष्ट समजून घ्या. मिडी कीबोर्ड वाजवला की कॉम्प्युटरात आवाज जातच नाही. कुठली पट्टी, केव्हा आणि किती जोराने दाबली, एवढंच जातं. थोडक्यात, बोटं जातात. मग बोटांची ती नोंद, म्हणजे ट्रॅक, कॉम्प्युटरातल्या बासरीला जोडा, बासरी वाजते. पेटीला जोडा, पेटी. चार वाद्यांना एकदम जोडलात तर चारही वाजतात. चवथीला एकाने आरती उचलली की सगळं घर आपापल्या गळ्याने तीच ओढतं ना, तसं.

यातला एक किस्सा मी बरेच दिवस पोटात ठेवला होता. तो आमच्या बुवांचा. लाटंबार्शाचे हे भजनी बुवा आमच्याकडे एक आरती वाजवून गेले आणि थोड्याच दिवसांत वारले. घरातल्या कॅसेटींना बुरशी लागलेली, म्हणजे त्यांचं वाजवणं उरलं ते फक्त आमच्या कॉम्प्युटरात. त्यांच्या पत्नी, सुलभावैनी, बाजारात भेटल्या की एकच मागत, "माका एकदा तांची पेटी आयकूंक जाय रे."

आणि मी टाळत होतो.

* * *

काजूच्या दुकानाची जाहिरात करत होतो. मालक पेडण्याचे, अंगठ्या घातलेले, समोर बसलेले. सुहासने झकास चाल वाजवली. बासरी आली, सतार आली, आणि दुकानाच्या नावावर बरोब्बर कपेलातली, म्हणजे छोट्या चर्चमधली, घंटा! संथ, एकेक ठोका.

आम्ही बासरी बंद केली, सतार बंद केली. घंटा चालूच. आधीच्या कुठल्याशा कामातलं ते वाद्य मागे उघडं राहिलं होतं आणि कुठल्याही ट्रॅकला 'ओ' देत होतं.

मालक गोरेमोरे झाले. "ही घांट आमच्या वाड्यार मनीस मेल्यारच वाजता!"

"काढतो, काढतो," सुहास म्हणाला.

मालक जरा विचारात पडले. "नाका. आसूं दी. गिरायक मान वळवन दुकानाकडेन पळयतलो तरी!"

* * *

शेजारी पाटीलमामा राहतात. मूळचे कोल्हापूरकडचे, खनिजाचे ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक विकला.

एकदा आमच्याकडे चहा पीत बसले होते. मी एका चालीखाली खर्जाचं एक वाद्य जोडलं. खिडकीची तावदानं थरथरली. मामा कप ठेवून ताडकन उठले आणि दारात उभी असलेली माझी स्कूटर ओढून आत घेऊ लागले.

"मामा, काय झालं?"

"गाडी आली न्हवं! भरल्याली हाय."

रस्ता मोकळा होता. मी गंमत म्हणून खर्जाचा आवाज थोडा कमी केला.

"आता रिकामी परत चाललीया," मामा म्हणाले आणि रस्त्याकडे बघत हात हलवला. ओळखीच्या माणसाला हलवतात तसा.



* * *

दशावतारी मंडळींना संकासुर राक्षसाच्या प्रवेशाला आवाज हवा होता. संकासुर करणारा गडी धिप्पाड, रंगभूमीवर आला की बायका पोरांना पदराआड घेतात. सुहासने पाच वाद्यं एका ट्रॅकला जोडली आणि म्हणाला, "दाबा हवी ती पट्टी."

त्याने दाबली. पाचही वाद्यं एका घशाने ओरडली. त्याने घाबरून बोट उचललं, तरी आवाज थांबेना! असं कधी कधी होतं, पट्टी सोडल्याचा निरोप वाद्यांपर्यंत पोचतच नाही. पण हे संकासुराला कोण सांगणार? त्याने चपला काढल्या, कॉम्प्युटरसमोर हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, काय चुकलां माकलां आसात तर..."

सुहासने धावत येऊन सगळे सूर तोडायचं बटण दाबलं. त्या बटणाचं नावच 'पॅनिक' आहे! आवाज बंद.

आता ही मंडळी प्रयोगाआधी लॅपटॉपपुढे नारळ ठेवतात. हसू नका. तेव्हापासून एकदाही अडकला नाही.

* * *

आता बुवा.

सुहास लहानपणी त्यांच्याकडेच शिकला. बुवांची शिकवायची पद्धत वेगळी होती. एकाच पेटीवर दोघं बसायचे. बुवा उजवीकडे सरकून डाव्या हाताने भाता ओढत आणि उजव्याने वरचे सूर वाजवत. शिकणारा त्यांच्या डावीकडे, खालच्या सुरांवर. सुहासच्या बरोबरीने बुवांची मुलगी शमाही शिकायची. आरतीच्या तिसऱ्या ओळीत काळी पट्टी हवी तिथे तिचं बोट शेजारच्या पांढरीवर पडायचं. दर वेळी! बुवा ओरडत नसत. हात थांबवायचे, शमा चूक दुरुस्त करायची, मग दोघं पुढे. ही चूक सुटायच्या आधीच शमा तापाने गेली. शाळकरी होती.

बुवा रेकॉर्डिंगला आले त्या सकाळी आमचा कॉम्प्युटर रडत होता. पेटीचं वाद्य उघडलं की अडकायचा. म्हणून कॉम्प्युटरला झेपेल अशा हलक्या पियानोच्या आवाजावर वाजवून घेतलं. म्हटलं, बोटं तर आत जातील, पेटी मागाहून जोडू.

बुवा बाकाच्या उजव्या टोकाला बसले.

"बुवा, मधे या ना!"

"आसूं दी रे. बरो आसां हांव."

वाजवू लागले. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हवेत, नसलेला भाता ओढतोय! सुहासने मला कोपर मारलं, आम्ही हसू दाबलं. पण दर कडव्यात तिसऱ्या ओळीला बुवा थांबत होते. एक क्षणभरच, पण ताल सांडायचा. मी म्हटलं, "बुवा, तिथे अडखळायला होतंय."

"थंय रावूंक जाय," बुवा म्हणाले. तिथे थांबायलाच हवं म्हणे! आणि तसेच वाजवत राहिले.

शेवटच्या कडव्यात मात्र थांबले नाहीत. सरळ पुढे गेले आणि खुशीत म्हणाले, "शाबास!"

मला वाटलं, मला म्हणाले. मी "थँक्यू" म्हटलं.

* * *

आता कळलं, मी का टाळत होतो? पियानोवरची ती अडखळती आरती वैनींना कशी ऐकवायची? एवढी आस लावून बसलेली बाई, "हे आमचे न्हय," म्हणाली तर? त्या माणसाचं दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

पण वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी वैनी स्वतःच आल्या. सोबत पिशवीत केळी. सोफ्यावर ठाण मांडून बसल्या आणि म्हणाल्या, "आज आयकल्याबगर वचना हांव."

सुहासने ट्रॅक उघडला. पियानो होताच, त्याच ट्रॅकला पेटी जोडली. पेटीचं एक असतं, तिला बोटाचा जोर कळत नाही. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, ती तेवढीच बोलते.

आरती सुरू झाली. वरच्या सुरात बुवा. अगदी बुवा! वैनींनी डोळे मिटले. मला हायसं वाटलं.

आणि खालच्या सुरात आणखी कोणीतरी.

सुहासने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. बुवांच्या सुरांखाली सूर होते, फिकट, इतक्या हलक्या बोटांचे की पियानोला ते ऐकूच आले नव्हते. बुवांचा डावा हात तर हवेत होता. आम्ही दोघांनी पाहिला होता.

तिसरी ओळ आली. बुवा थांबले. त्या थांबण्यात खालून एक पांढरी पट्टी वाजली. मग तिच्या शेजारची काळी. मग दोघं पुढे.

सुहासचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला. वैनींनी डोळे उघडले नाहीत. फक्त सोफ्यावर उजवीकडे सरकल्या आणि डाव्या बाजूला जागा केली.

दुसऱ्या कडव्यात तेच. तिसऱ्यात तेच. दर वेळी पांढरी, मग काळी. वैनींचे ओठ हलत होते.

शेवटच्या कडव्याची तिसरी ओळ आली. बुवा थांबले नाहीत. खालून काळी पट्टी वाजली. पहिल्यांदाच, सरळ, स्वच्छ.

वैनींनी डोळे उघडले, मोकळ्या जागेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "शाबास!"