राजाचं अंडं

मी एका पाखरावर जळलो. हसा, खुशाल हसा. पण अमरावतीत रिटायर होऊन घरी बसलेल्या माणसाले बायको दिवसभर नुसतं 'हूं' म्हणते अन् खांद्यावरच्या कॉकटीलले, म्हणजे त्या तुरेवाल्या पोपटाले, 'राजा, झोप झाली का रे? राजा, काय खातं?' असं विचारते, तेव्हा काय होते ते मले विचारा. पोरगी नोकरीसाठी पुण्याले गेली अन् हे पाखरू आमच्या गळ्यात मारून गेली. मी जवळ गेलो की ते फिस्कारे. माह्याच घरात, माह्याच बायकोच्या खांद्यावरून! अंगाचा तिळपापड व्हायचा.

अकोल्याच्या माह्या दोस्ताकडे कॉकटीलची मादी होती, तिले नर पाहिजे होता. मी बायकोले म्हटलं, "एकटं ठेवणं पाप आहे. देऊन टाकू."

तिनं राजाले खांद्यावरून हातावर घेतलं. मग म्हणे, "नर निघाला तर न्या."

वरून ओळखू येईना, म्हणून डॉक्टरनं दोन पिसं उपटून तपासायले पाठवली. काही दिवसांनी त्याचा फोन आला. "झेड आणि डब्ल्यू आलं बरं का," एवढं बोलून त्यानं गडबडीत फोन ठेवला.

शाळेतलं मले पक्कं ठाऊक. बाईची दोन गुणसूत्रं सारखी, एक्स-एक्स. पुरुषाची वेगळी, एक्स-वाय. इथं एक झेड, एक डब्ल्यू. म्हणजे बुवाच! "नर आहे!" मी ओरडलो. फक्त नाचायचा बाकी होतो. बायकोनं मुकाट्यानं पिंजरा धुतला, बाजरीची पुरचुंडी बांधली. डोळे लाल झालते तिचे. माह्या ऑपरेशनच्या वेळी एवढी रडली नव्हती, म्हणून मी अजूनच जळलो.

सकाळी पिंजरा उचलायले गेलो तर राजा कोपऱ्यात फुगून बसलेला, अन् पोटाखाली अंडं.

दोस्ताले फोन केला तर तो खिदळला. "अबे, पाखरांत उलटं असते! झेड-झेड म्हणजे नर, झेड-डब्ल्यू म्हणजे मादी. पिल्लू नर होईन का मादी, तेही मादीच्याच अंड्यात ठरते. तू पाखराले माणसाचा कायदा लावून राहिला!"

अकोला राहून गेलं. आता जळायले कारण नव्हतं, तरी मी जळतच होतो. शेवटी विचारलंच, "माह्याशी काहून नाही बोलत तू अशी?"

"तिले सांगितलं का ती मान वाकडी करून ऐकते," बायको म्हणाली. "तुमी कवा ऐकलं?"

मी टीव्ही बंद केला, खुर्ची तिच्याजवळ ओढली. "घे, सांग. ऐकून राहिलो."

"हळू बोला," ती म्हणाली. "ती अंड्यावर बसली आहे."