शिमग्यापर्यंत राखलेलं औषध

तानीआजीने फळीवरून औषधाच्या बाटल्या काढून आमच्यापुढे ठेवल्या. एकीचंही बूच उघडलेलं नव्हतं. आठवड्यापूर्वी दिल्या तशाच होत्या, फक्त वर चुलीचा धूर बसला होता.

"का नाही लावलं?" हेलनने विचारलं. तिचं मराठी जेमतेम होतं, पण हा प्रश्न अगदी स्पष्ट आला.

हेलन स्कॉटलंडची. तिकडे डॉक्टरकी शिकत होती आणि आमच्या भागात आरोग्यशिक्षण द्यायला व्हॉलंटियर म्हणून आली होती, बिनपगारी. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी महाडच्या एका दवाखान्यात नर्स होते. हेलनला पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर न्यायचं, ती काय म्हणते ते लोकांना सांगायचं आणि ती उन्हाने भाजून निघणार नाही हे बघायचं, अशी तीन कामं माझ्या गळ्यात पडली होती. तिसरं सगळ्यात अवघड.

या वाडीत खरूज होती. खरूज म्हणजे कातडीत घुसून राहणारा बारीक किडा. अंगाला अंग लागून, अंथरुणातून पसरतो. एकाने औषध लावलं आणि शेजारी झोपणाऱ्याने नाही, तर खरूज पुन्हा होते. म्हणून हेलनने एकच वाक्य घोटलं होतं आणि ते घरोघरी म्हणून दाखवलं होतं: "सगळ्यांनी, एकाच दिवशी."

सगळ्यात वाईट हात आजीच्या नातीचे, सुमनचे. चौथीतली पोर. बोटांच्या बेचक्यांत पू झाला होता, पेन्सिल धरवत नव्हती. बाकीच्या मुलांना लागेल म्हणून गुरुजी तिला शाळेच्या पडवीत बसवत. आतलं ऐकायचं आणि बाहेर जमेल तसं लिहायचं. वार्षिक परीक्षा शिमग्यानंतर होती.

म्हणून त्या बंद बाटल्या पाहून माझं डोकंच फिरलं. "आजी, पोरीचे हात बघा! औषध काय देव्हाऱ्यात ठेवायला दिलं होतं?"

"वरडू नको गो बाय," आजी शांतपणे म्हणाली. "तुमीच सांगितलंत ना, सगल्यांनी एकाच दिवशी? माझे दोन पोरगे नि सुना मुंबईला हायत. गनपतीत आलेले तवा तेच खाजवत व्हते. आता शिमग्याला येनार, ह्याच गोधड्यांत झोपनार. आमी आज लावलं नि ते येऊन परत देऊन गेले, तर औषध फुकट नाय गेलं?"

भाषांतर करायच्या आधीच मला आमची चूक कळली. आम्ही चुलीपाशी दिसली तेवढी माणसं मोजून बाटल्या दिल्या होत्या. या वाडीतलं निम्मं घर मुंबईच्या खोल्यांत राहत होतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? माझा सख्खा भाऊ तिकडेच होता.

हेलनला सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली. "आजी बरोबर आहे," ती म्हणाली. मग सुमनकडे बघून गंभीर झाली. "पण हिला थांबता येणार नाही."

शेवटी तिथेच ठरलं. औषध दोनदा लावायचं. आज वाडीत आहेत त्या सगळ्यांनी, आणि शिमग्याला मुंबईवाले आले की पुन्हा सगळ्यांनी मिळून.

"आमचे बापये लावनार नायत," आजी म्हणाली. "रजा काढून सनाला येतात ते." थोडा विचार करून म्हणाली, "बघते मी."

दवाखान्यात आमच्या डॉक्टरसाहेबांनी सुमनच्या पुवावर गोळ्या लगेच दिल्या. बाकीचं ऐकून मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

"सिस्टर, शिमग्याला कोण औषध चोपडून घेतं?"

"सर, शिमग्यालाच सगळे एका जागी सापडतात."

"आणि हेलन? तिचं विमान त्याआधीच आहे ना?"

"तिने तिकीट बदललं."

साहेबांनी जादा बाटल्यांच्या मागणीवर सही केली.

होळीच्या दिवशी आम्ही खोकी घेऊन वाडीत पोचलो, तर गावकी बसली होती, म्हणजे गावातली कर्ती मंडळी. तानीआजी मध्ये उभी राहून बोलत होती. "औषध लावल्याबिगर पालखीला खांदा नाय!"

देवीच्या पालखीला खांदा द्यायलाच तर हे बापये मुंबईहून आले होते. गुरव कुरकुरला, "देवीला वास यील."

"तिला खरजेपक्षा वास बरा," आजी म्हणाली.

मग काय, बापये लंगोटीवर रांगेत उभे राहिले, बायकांनी घरात दार लावून औषध लावलं. मानेपासून पायापर्यंत पांढरं औषध. खाजवून सोललेल्या कातडीला ते असं झोंबतं की विचारू नका. होळीभोवती बोंबा मारायची आपली रीतच आहे. त्या वर्षी कुणाला आठवण करून द्यावी लागली नाही. हेलनने विचारलं, "दरवर्षी इतक्या मनापासून ओरडतात?"

दुसऱ्या दिवसापासून वाडीभर गोधड्या उकळून कातळावर वाळत पडल्या. हेलन त्याच आठवड्यात गेली. जाताना रडली, मीही रडले.

परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम वाट वाकडी करून शाळेवरून गेले. पडवी रिकामी होती. सुमन आत, पहिल्या ओळीत, मान खाली घालून भराभरा लिहीत होती. मला इतका आनंद झाला की तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. गुरुजींच्या भीतीने नाही वाजवली.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत कुठल्याही घरात शिरले की आधी विचारायची, घरात माणसं किती? उत्तर आलं तरी पेन उचलायची नाही. दुसरा प्रश्न ठरलेला असायचा: "आणि मुंबईला किती?"