घड्याळवाल्यांचा बारका डोळा

तात्यांनी सदुसष्टाव्या वर्षी पेन्सिल हातात धरली, ती सलून हातचं गेल्यावर. गेलं म्हणजे बंद पडलं नाही. गुडघे दिवसभर उभं राहू देईनात, म्हणून त्यांनी कात्री-कंगवा मुलाच्या हवाली केला आणि स्वतः गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. सेहेचाळीस वर्षं खुर्चीमागे उभा राहिलेला माणूस बाकावर बसला की काय करणार? मुलाच्या चुका काढणार. कल्ला वर गेलाय बघ, मानेवर अजून राहिलंय बघ. आठ दिवसांत मुलगा असा कावला, की घरी येऊन आईला म्हणाला, बाबांना कुठंतरी अडकव, नाहीतर मी दुकानाला कुलूप लावून मोकळा होतो.

आईने अडकवलं. दोन गल्ल्या सोडून वाचनालयाच्या माडीवर एक बाई दर रविवारी मोठ्या माणसांना चित्रकला शिकवायच्या. तात्या कुरकुरले, की या वयात काय डोंगर नि सूर्य काढत बसू? बायको म्हणाली, काढा की. सूर्याचे कल्ले तरी तुमच्या मनासारखे निघतील.

पहिला महिना बाटली, बूट आणि कांदा यांत गेला. तात्यांची बाटली आतलं सगळं स्वतःच प्यायल्यासारखी कलंडायची. बाई वयाने त्यांच्या मुलीपेक्षा लहान, पण धीराच्या. त्या म्हणायच्या, हात चांगला आहे, घाई करू नका. मग एका रविवारी डोकं काढायची वेळ आली. बाकीचे एकमेकांना समोर बसवून धडपडत होते. तात्यांनी कुणालाच बसवलं नाही. खाली मान घालून त्यांनी एक टाळू काढली, तिच्यावरचा भोवरा काढला, कपाळावर मागे हटलेले केस, कान आणि मग कानाखालचा तो उतार, जिथे वस्तरा हळू करावा लागतो. तासाभरात कागदावर बेकरीवाला बसलेला होता. बाई वाकून बघतच राहिल्या.

तेव्हापासून तात्यांचं भलतंच सुरू झालं. आठवणीतून एकेक गिऱ्हाईक कागदावर येऊ लागलं, आणि ज्याला त्याला आपापलं चित्र बेहद्द पसंत पडायचं. बेकरीवाला तर हुबेहूब, हुबेहूब म्हणत घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने मात्र ते कपाटामागे सरकवून ठेवलं, असं कानावर आलं. तात्या म्हणाले, तिला चित्रातलं काय कळतं.

अशात एका दुपारी घड्याळवाल्यांच्या काकू सलूनच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. घड्याळवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या टपरीत घड्याळं दुरुस्त करणारे. ते मागच्या वर्षी गेले. माणूस फोटोला घाबरायचा. शेवटचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा, मुलाच्या लग्नातला, तोही कोट घालून अवघडलेला. काकू आत आल्या नाहीत. पायरीवरूनच बोलल्या.

"डोळे मिटले की आता तो फोटोतलाच चेहरा येतो. शेवटचा, म्हातारा येतच नाही. रोज थोडा थोडा पुसट होत चाललाय. तुमच्यासमोर ते दर पंधरा दिवसांनी अर्धा तास बसायचे, म्हणून आले."

तात्या म्हणाले, काढतो.

अकरा दिवस ते त्या एका कागदाशी झटत होते. घड्याळवाल्यांचा चेहरा तसा कुणालाही ओळखू येणारा. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून बसल्याने तो डोळा बारीक झालेला, भोवतीची कातडी चुणीदार पिशवीसारखी आवळलेली, आणि दुसरा आपला टपोरा. तात्यांनी ती प्रत्येक चुणी काढली. जेवायला हाक मारली तरी उठेनात. बायको म्हणाली, आपल्या लग्नातही तुम्ही माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं.

बाराव्या दिवशी तात्या चित्र घेऊन काकूंच्या घरी गेले. काकूंनी ते टेबलावर ठेवलं, चष्मा पुसून पुन्हा लावला.

"सगळं आहे हो यात," त्या शेवटी म्हणाल्या. "पण हे ते नाहीत."

काकूंनी बोट टेकवलं. बारका डोळा हा नव्हे, हा पलीकडचा. तात्या म्हणाले, असं कसं होईल, अडतीस वर्षं बघतोय. काकू शांतपणे म्हणाल्या, मी अठ्ठेचाळीस. कागद गुंडाळून तात्या घरी आले आणि दोन दिवस त्यांनी पेन्सिलीला हात लावला नाही. एका विधवा बाईला तिच्या नवऱ्याचा चेहरा आणून देतो म्हणालो आणि दिला भलताच, हे त्यांच्या जिवाला लागलं.

रविवारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की त्यांचे केस कापताना तुम्ही उभे कुठे असायचात? तात्यांनी एक खुर्ची ओढली, तिच्यामागे जाऊन उभे राहिले, हात वर धरून दाखवले.

"आणि समोर?"

"समोर काय, आरसा," तात्या म्हणाले, आणि त्याच खुर्चीत मटकन बसले.

वर्गात हसू फुटलं. मग तात्याही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. गावभर लोकांचे चेहरे उलटे काढून वाटले होते त्यांनी. स्वतःला आरशात बघणाऱ्याला ते हुबेहूब वाटायचे आणि समोरून बघणाऱ्या बायकोला परके. बेकरीवालीची त्यांनी मनातल्या मनात माफी मागून टाकली.

उपाय सोपा होता. बाईंनी कागद पालथा करून खिडकीच्या काचेवर धरायला लावला. उजेडात मागच्या रेघा दिसतात, त्या गिरवायच्या. तात्यांनी धरला, आणि काचेवर एक अनोळखी माणूस उभा राहिला. त्याच्या गालावरून त्यांचा वस्तरा हजार वेळा फिरला असेल. पण दाढी करताना दिसतो तो दोन बोटं गाल, नाहीतर हनुवटीचा तुकडा. अख्खा माणूस त्यांना फक्त आरशात भेटला होता. रेघा त्यांनी गिरवल्या, पण बरोबर की चूक, हे सांगायला ते स्वतः निरुपयोगी होते.

म्हणून ते अर्धवट चित्र घेऊन काकूंकडे गेले. तुम्ही सांगा, मी काढतो, असं म्हणाले. काकूंनी शेजारी खुर्ची घेतली. आधी संकोचल्या, मग हळूहळू मोकळ्या झाल्या. पापणी अजून जड हवी. ओठाचा हा कोपरा वर, कारण काम जमलं की तो तेवढाच हलायचा. भुवयांपाशी मात्र अडलं.

"एवढ्या दाट नव्हत्या."

"नव्हत्या कशा? मीच कापायचो ना. ते दर खेपेला आठवणीने सांगायचे."

"त्यांना कुठलं आठवतंय. घरून निघताना मी बजावायचे."

दोघंही हसले. तात्यांनी खोडरबराने भुवया विरळ केल्या, गालाखाली थोडी सावली धरली, आणि पेन्सिल पुन्हा डोळ्याकडे वळवली, तोच काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा. आता नका काही करू."

त्या रडल्या नाहीत. पुढे वाकून बघत राहिल्या, टेबलावरच्या कापडाची सुरकुती बोटाने सारखी करत. मग हळूच म्हणाल्या, "आले."

तात्यांना मात्र त्यात ओळखीचं कुणीच दिसेना. त्यांचे घड्याळवाले कागदाच्या दुसऱ्या बाजूला होते, आणि ती बाजू फ्रेमवाल्याने पुठ्ठा ठोकून बंद करून टाकली. तात्यांनी त्याबद्दल अक्षर काढलं नाही.

आता ते पंधरा दिवसांनी काकूंकडे चक्कर मारतात. चहा होतो, काकू नवऱ्याच्या एकेक खोडी सांगतात, आणि तात्या भिंतीकडे बघत ऐकतात. पहिल्यांदा परक्या घरात बसल्यासारखं वाटायचं. परवा घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, की त्या माणसाशी आता कुठे समोरासमोर ओळख व्हायला लागली आहे. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली, खुर्ची ओढून त्यांच्या पुढ्यात मांडली आणि बसली.

"मग हा बघा," ती म्हणाली, "आणखी एक चेहरा राहिलाय."