प्लॉट नंबर चौदा

नेकनूरच्या स्टँडवर बीडची एसटी लागली तेव्हा अब्बांनी फळांचा गाडा शेजारच्या चहावाल्याच्या भरवशावर सोडला आणि माझी बॅग स्वतः वर चढवली. खिडकीतून एवढंच म्हणाले, "उधर जाको रोना नको." बीड येईपर्यंत मी रडले. पुढे विमान, इंग्लंडची थंडी आणि नवा संसार, यात रडायला सवड मिळाली नाही.

आमच्याकडे गुंठाभरही जमीन नव्हती. अब्बांनी जन्मभर दुसऱ्यांच्या झाडांची फळं विकली. माझी वर्गमैत्रीण सुनंदा शाळा सुटली की शेतात खुरपायला जायची आणि मी बांधावर बसून चिंचा खायचे. त्यामुळे इरफानच्या, माझ्या नवऱ्याच्या, नोकरीच्या गावी नगरपालिकेनं मला भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा दिला, तेव्हा नेकनूरला सगळ्यांनाच हसू आलं. इथं याला अलॉटमेंट म्हणतात. चार वर्षं यादीत नाव होतं. सोबतच्या पत्रात अट होती: जूनच्या तपासणीपर्यंत निम्मी जागा साफ दिसली पाहिजे, नाहीतर ती पुढच्या माणसाला जाईल.

मार्चमध्ये माझा प्लॉट नंबर चौदा पाहायला गेले तर जमीन दिसेचना. डोक्याइतकी उंच ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, खाली कुजलेला गालिचा, फुटक्या काचा. मी कात्रीनं वरवर छाटत सुटले. आठवड्यानं तिथंच पुन्हा हिरवे कोंब. सुनंदाला व्हिडिओ कॉल केला, तर ती पोट धरून हसली.

"अगं, वरून कापून काय व्हतंय? मुळी काढ. लई घाई करू नको, हाताएवढीच जागा घे, पन पुरी कर."

मग कुदळ घेतली. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून रोज दोन तास. तळहाताला फोड आले, फुटले, कातडी निबर झाली. एका संध्याकाळी कुंपणालगत ऑक्टोपससारख्या जाड मुळ्यांचे गड्डे लागले. मोठ्या जोमानं सतरा उपटले आणि ढिगावर फेकले.

शेजारच्या प्लॉटवर डेरेक होता, निवृत्त बसड्रायव्हर. तो ढिगापाशी थांबला. म्हणाला, हे तण नाही, अ‍ॅस्परॅगस आहे, कोवळे कोंब खायची भाजी. आधीच्या बाईंनी लावलेलं. लावल्यावर तीन वर्षं कोंबाला हातही लावायचा नसतो. त्या गेल्या, पण दर वसंतात ते उगवत होतं.

तो रागावला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. आम्ही दोघांनी गुडघ्यावर बसून चांगले गड्डे निवडले आणि पुन्हा पुरले. नऊ जगले. सुनंदाला सांगितलं तेव्हा ती या खेपेला हसली नाही. "कावून उपटलंस? आदी इचारायचं ना, काय हाय ते."

जूनमध्ये तपासणीला नगरपालिकेच्या बाई आल्या. निम्म्याहून थोडं कमीच साफ झालं होतं. त्यांनी माझे हात पाहिले, वहीत खूण केली आणि चालू ठेवा म्हणाल्या. मोकळ्या जागेत मी घेवडा आणि मेथी लावली. मेथीची पहिली जुडी डेरेकला दिली. त्यानं ती सॅलडसारखी कच्चीच खाल्ली आणि तोंड वाकडं केलं. अब्बांना कॅमेऱ्यातून घेवडा दाखवला. त्यांनी विचारलं, "बीज कित्ता नीचे डालते?" फळांत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला ते माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये महिनाभरासाठी नेकनूरला गेले. बाराव्या दिवशी डेरेकनं फोटो पाठवला: पावसाचा पत्ता नाही, घेवड्यानं माना टाकल्यात. तो बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, "अब घरकू जाना पडता."

अम्मी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "तो ये क्या है?"

"येबी घरच है, अम्मी," मी म्हटलं. पण उशीर झाला होता. तिनं अर्धी थापलेली भाकरी मोडून पुन्हा गोळा केला. मग तीच म्हणाली, "किसकू तो बोल, पानी डालनेकू." मी डेरेकला फोन लावला. तो हो म्हणेपर्यंत ती पिठाचे हात तसेच धरून माझ्या शेजारी उभी राहिली.

हल्ली फोनवर मी 'घरी' म्हटलं की ती विचारते, "कौनसे?" आणि मी सांगते.