केसाएवढी फट

२२ जानेवारी २०२४. रुपये चार हजार सहाशे पन्नास. डोंबिवली एमआयडीसीत सुदेशचा गाळा आहे, तिथे बनवायला आलेल्या एका फटीची ही ठरलेली किंमत. स्टीलची दोन पाती समोरासमोर बसवायची आणि मधे केसाएवढी फट ठेवायची. काम फिटर शिवरामकडे आलं. वय वर्षं अठ्ठावन्न.

फट कशाला हवी, ते ठाण्याच्या प्रयोगशाळेतल्या योगिनी मॅडमनी सांगितलं होतं. "काका, यातून वाफ निर्वात पेटीत सुटली की गारठते. मग पाण्याचे दोन-दोन रेणू एकमेकांचा हात धरतात. त्या जोडीवर टेराहर्ट्झ किरण सोडले की हात किती घट्ट धरलाय ते कळतं."

"म्हणजे लग्नंच जुळवायची. पत्रिका कोण बघणार?"

"मशीन!" मॅडम हसल्या.

पण दोन फटी परत आल्या. वाफ नीट गारठत नव्हती, जोड्या जुळत नव्हत्या.

"काका, तिसरीही गेली तर मॅडम जर्मनीहून मागवणार," सुदेश म्हणाला. "आणि तुम्ही पॅकिंगला बसा. डोळे थकले तुमचे."

चाळीस वर्षं हातात कानस धरलेला माणूस! शिवरामला ते लागलं. भिंगाखाली कड तर आरशासारखी दिसत होती.

संध्याकाळी ठाकुर्लीला, शिवरामच्या घराखालच्या शिवणाच्या दुकानात दुकानवाली सुमती साडीला फॉल लावताना करवादत होती. "मेली सुई! नाकाला बर राहिलीय, रेशीम कापतेय."

शिवराम जागीच थांबला. कापलेल्या धातूच्या कडेला राहतं ते बारीक कुसळ, तीच बर. भिंगाला दिसत नाही, पण रेशमाला कळते.

"सुमती, रेशमाचं एक रीळ दे गं."

"पस्तीस रुपये. सुट्टे नसतील तर राहू दे काका, नंतर द्या."

दुसऱ्या दिवशी त्याने रेशमाची एकच तार तिसऱ्या फटीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. मधोमध, आतल्या बाजूला, ती पिंजली. तेवढीच जागा घासायची, पुन्हा तार ओढायची. एकोणिसाव्या वेळी तार सुळकन निघाली.

फट ठाण्याला गेली. आठवड्याने मॅडमचा फोन आला. सुदेशने स्पीकर लावला.

"शिवरामकाका आहेत का? आलेखावर शिखरं आली! गणिताने सांगितली होती तिथेच! काका, जोडी जुळली!"

अख्ख्या गाळ्याने टाळ्या वाजवल्या. शिवरामने हात पुसले, मग चष्मा पुसला.

"आणखी सहा फटी हव्यात," मॅडम म्हणाल्या, "पण काकांच्याच हातच्या."

"काय रे सुदेश," शिवराम म्हणाला, "पॅकिंगला कोण बसतंय मग?"

"मी बसतो, काका."

सुमतीच्या रिळाचे पस्तीस रुपये द्यायचे राहिले आहेत.